दोरीवरचं बिऱ्हाड

निवडून येण्याची तिची ही दुसरी खेप, तरी गल्लीत तिला नगरसेविका कुणी म्हणत नव्हतं. इस्त्रीवाली ती इस्त्रीवालीच. सभागृहात विरोधक हेच नाव खवचटपणे घ्यायचे. "बाईंनी आता शहराला इस्त्री करायला घेतलंय," असं एकजण म्हणाला, तेव्हा ती बसल्या जागेवरून म्हणाली, "चुण्या तुमच्यात आहेत दादा, म्हणून चटका बसतोय."

जिन्याखालच्या खोलीत तिनं अर्धी हयात कोळशाची इस्त्री फिरवली होती. चार मजल्यांच्या त्या भाड्याच्या इमारतीतलं प्रत्येक बिऱ्हाड तिला कपड्यांवरून ठाऊक होतं. कुणाच्या खिशात सिगारेटचा भुगा निघतो, कुणाची बायको माहेरी गेलीय, सगळं. निवडून आल्यावर दुकान बंद झालं, पण नवऱ्यासह ती तिथंच राहिली.

भाडेकरूंसाठी ती सभागृहात हाडं झिजवत राहिली आणि शेवटी एक नियम पदरात पाडून घेतला. जुन्या इमारतीतल्या निम्म्याहून जास्त खोल्यांत माणसं राहत असतील, तर मालकाला ती पाडता येणार नाही. पाडायचीच असेल तर त्याच जागी, जुन्याच भाड्यानं घरं बांधून द्यायची. नियम झाला त्या दिवशी जिन्यात लोकांनी तिला उचलून घेतलं होतं.

मालक काही तोंड दाखवायचा नाही. त्याचा माणूस यायचा, साखऱ्या. जिभेवर खडीसाखर ठेवूनच जन्मला असावा. तो खालून मान वर करून खिडक्या न्याहाळतो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं घरोघरी बजावलं, "दोरी रिकामी ठेवू नका. घरी असा-नसा, चार कपडे वाळत दिसले पाहिजेत. आणि बाहेरून कुलूप लावायचं नाही. कुलूप दिसलं की म्हणतील, खोली ओस पडली."

लोकांनी तिचा शब्द झेलला. रस्त्यावरून पाहिलं की इमारत जत्रेसारखी फडफडायची. ती फडफड बघूनच तिला चेव आला. मालकाचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून परवाच्या सभेत तिनं टेबल वाजवून मागणी केली, "दारोदार तपासणी करा. होऊन जाऊ दे." नवल म्हणजे मालकाच्या बाजूच्यांनीही मुकाट हात वर केले. तपासणी उद्या सकाळी ठरली.

आज दुपारी ती घरी परतली आणि सवयीनं तिनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर शिंपीकाकांचा हिरवा सदरा लटकत होता. एक खांदा पार विटलेला, दुसरा तसाच गर्द. सदरा दोन-चार दिवस वाळत राहिला तर असा विटत नाही. एकाच कुशीवर महिनाभर ऊन खाल्लं, तरच विटतो. तिनं शेजारची दोरी पाहिली. तिच्यावरच्या चादरीला चिमट्याशी गंजाचे डाग पडले होते.

ती जिना चढू लागली. महिन्याभरात तिचं वर जाणंच झालं नव्हतं. पूर्वी या वेळी कुठं भांडी आदळायची, कुठं पोरं रडायची. आज तिला स्वतःच्याच चपला ऐकू येत होत्या. शिंपीकाकांचं दार ढकलताच उघडलं. आत शिलाई मशीनच्या पायांचे चार ठसे होते फरशीवर, बाकी काही नाही. शेजारची खोली तशीच. तिच्यासमोरची तशीच. दारं सगळी नुसती लोटलेली, तिनंच सांगितल्यासारखी.

चौथ्या मजल्यावर एका दाराला मात्र आतून कडी होती. रात्रपाळीच्या नर्सनं दार उघडलं. झोपमोड झालेले डोळे.

"काका कुठायत?"

"तुम्हाला माहीत नाही, ताई?" नर्स दाराला टेकली. "सगळे गेले. एकेक करून, तुम्ही दोघं कामाला बाहेर असताना."

"आणि हे कपडे?"

"ती साखऱ्याची अटच होती. दोरीला हात लावायचा नाही, ताईंना बोलायचं नाही. अर्धे पैसे आधी, अर्धे तपासणी झाल्यावर."

"महिनाभर मी रोज याच दोऱ्यांखाली उभी राहून वर बघत होते," ती म्हणाली. "एकानं तरी बोलायचं ना गं."

"काय बोलणार? पाणी चढत नव्हतं, जिन्यात दिवा नव्हता. तुमचा नियम चांगलाय ताई, पण नियमानं बादली भरत नाही."

"तू गेली नाहीस."

नर्सनं दार लोटून घेतलं.

उतरताना दुसऱ्या वळणावर साखऱ्या उभा होता. भिंतीला अंग चोरून त्यानं वाट दिली. "सावकाश, ताई. पायऱ्या ढिल्या झाल्यात."

"अजून दोन बिऱ्हाडं आहेत इथं. ध्यानात ठेव."

"आहेत ना. आम्ही कुठं नाही म्हणतोय? तपासणी तर तुम्हीच मागितलीत."

घरी येऊन तिनं अधिकाऱ्याला फोन लावला, तपासणी पुढं ढकला म्हणाली. ठराव झालाय, आता हातात नाही, असं उत्तर आलं. तिचा नवरा खाटेवरून सगळं ऐकत होता. "कुंपण तूच घातलंस," तो हळूच म्हणाला. "आत शेत आहे का, ते तेवढं बघायचं राहिलं."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं. वर ऐक."

वर कुणीतरी खिळे उपसत होतं. एक चौकट निघाली असावी, कारण छतातून बारीक माती झरली आणि तिच्या पाण्याच्या पेल्यात पडली. "इथं माणसं आहेत अजून," असं तिनं जिन्यात जाऊन ओरडून सांगितलं. ठोकाठोकी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी नर्स ड्यूटीला निघाली. रोज तिच्या खांद्याला एक पर्स असायची. आज दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि काखेत गुंडाळलेली गादी. उंबऱ्यात बसलेली इस्त्रीवाली तिला वाट द्यायला उठली. नर्सच्या पाठोपाठ साखऱ्याचा एक माणूस तिची खुर्ची घेऊन उतरला. तो जाता जाता अदबीनं म्हणाला, "ताई, तुमचं सामान सकाळी काढू, की आत्ताच?"