टोपल्याखालचा ड्रोन

आमचे आबा तीस वर्षं लोकांच्या शेतात निशाण धरून उभे राहिले. काम असं होतं : मोजणीचे साहेब कडुलिंबाखाली तिपाई मांडून दुर्बिणीला डोळा लावायचे आणि आबा लांब ढेकळांत, उन्हात, लाल-पांढरी काठी धरून. साहेबांनी हात डावीकडं हलवला की आबा डावीकडं सरकायचे. उजवीकडं हलवला की उजवीकडं. साहेब जेवायला बसले आणि हात हलवायचा विसरले, तर आबा तसेच उभे.

हे काम रोजंदारीवर होतं. पावसाळ्यात मोजणी नसायची, त्यामुळं ते चार महिने घर आईच्या खुरप्यावर चालायचं. परतूर तालुक्यात असं शिवार नसेल जिथं हद्दीचा दगड आबांनी खांद्यावर वाहिला नाही. आमच्या नावावर जमीन नव्हती. नकाशा साहेबांकडं असायचा, तो गुंडाळून पिशवीत जायचा. आबांना तो कधी कुणी दाखवला नाही, आणि त्यांनीही कधी मागितला नाही.

पाचवीत शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘सरकारी मोजणी’ असं लिहिलं होतं. गुरुजींनी ते खोडून ‘मजुरी’ लिहिलं. दोन्ही बरोबर होतं.

पुढं मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. परतुरात एका शाळेवर गणित-विज्ञान शिकवते. घराला स्लॅब पडला, आईचं खुरपं सुटलं, आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा गरज नसलेली एक वस्तू घेतली. छोटा ड्रोन. वजनाला वाटीभर साखरेएवढा.

आई म्हणाली, “सतरा बुकं शिकली अन् आता पाखरू उडवून राह्यली.”

आबांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. विचारलं, “ह्याच्यातून नकाशा दिसतो का?”

“नकाशा न्हाई आबा. जमीनच दिसते, वरून.”

“मंग बरंय.”

तेव्हापासून आमचा नेम ठरला. शनिवारी सकाळची शाळा करून मी कुठल्यातरी शिवारात जायचं, ड्रोन उडवायचा. रविवारी आबांनी ओसरीवर बसून माझ्या फोनवर ते सगळं बघायचं. तीस वर्षं ज्या बांधांवर ते उभे होते, ते बांध त्यांनी वरून कधी पाहिलेच नव्हते. बघताना फार बोलायचे नाहीत. मधेच बोट ठेवून म्हणायचे, “ह्या कोपऱ्यावर मला गांधीलमाशी चावल्ती.” किंवा, “ह्यानं शेजाऱ्याचा बांध कोरलाय. बघ, नांगराची कड वाकडी.” जगात लोक ड्रोन कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे. आमच्या घरी तो यासाठी होता.

तर हा ड्रोन हरवला.

आष्टी रस्त्याच्या बाजूला एक पाझर तलाव आहे. शनिवारी दिवस कलल्यावर तिथून मी तो उडवला. ड्रोनचं चित्र फोनवर दिसतं, म्हणजे फोन हाच ड्रोनचा डोळा. आणि त्याच फोनवर आईचा फोन आला.

“येताना ज्वारीचं दळण आण. जल्दी ये, गिरणीवाला बंद करून राह्यलाय.”

मी हो म्हणून फोन ठेवला तोवर वारा सुटला होता. चित्र परत आलं तेव्हा खाली तलाव नव्हता, कापूस होता. बॅटरी लाल झाली होती. ड्रोनला मी परत ये म्हटलं, पण वारा समोरून होता आणि यंत्राला स्वतःची अक्कल असते. त्याला वाटलं आता पोचत नाही, इथंच उतरावं. कापसाची बोंडं जवळ येत गेली, मोठी झाली, आणि पडदा काळा झाला. नकाशावर एक लाल ठिपका राहिला, नाल्याच्या पलीकडं, दोन-अडीच किलोमीटरवर. तिकडं जायला वाट कुठून आहे ते माहीत नव्हतं आणि दिवस मावळत होता. मी दळण घेऊन घरी आले.

आबांना सरळ सांगितलं, “आबा, पडलं.” ठिपका दाखवला.

आबांनी फोन डोळ्याजवळ धरला. “तिथं दोन भावांचा बांध हाय,” एवढंच म्हणाले. मग फोन परत देत, “उद्या बघायला काई न्हाई म्हणायचं.”

त्या रात्री मी ठरवलं की ड्रोन घेतल्याशिवाय यायचं नाही.

रविवारी सकाळी स्कूटी घेऊन गेले. नाल्याच्या पलीकडं विचारत विचारत पोचले तर कापसात एक टोपलं पालथं घातलेलं. कोंबडी झाकावी तसं. वर दगड. टोपल्याच्या दोन्ही बाजूंनी कापसातून चुन्याच्या दोन लांब पांढऱ्या रेघा गेलेल्या, एकमेकींपासून तीनेक हातांवर. दोन रेघांच्या मधे कपाशीची एक ओळ होती. बाकी सगळं रान वेचून झालेलं, या एका ओळीचा कापूस तसाच लोंबत होता.

एका रेघेच्या बाहेर थोरला भाऊ बसला होता, दुसऱ्या रेघेच्या बाहेर धाकटा. पाठीला पाठ.

थोरला उठला. “साहेब कुठंयत?”

“कोणते साहेब?”

“मशीनचे.”

“मशीन माझं आहे.”

त्यानं माझ्या मागं स्कूटीकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. “बरं,” तो म्हणाला, “मंग तुम्ही मोजणीच्या बाई.”

आता मला उमजलं. दोन-तीन वर्षांमागं त्या गावात गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली होती. तेव्हा दवंडी फिरली होती की आपापल्या घराभोवती चुन्याची रेघ मारा, वरून दिसली पाहिजे. गावानं ड्रोन पाहिला तो तेवढाच. ड्रोन आला की मोजणी आली, आणि मोजणी आली की चुना मारून तयार राहायचं. शनिवारी सांजेला माझा ड्रोन कापसात पडला आणि दिवस बुडायच्या आत दोघांनी चुना मारला होता.

मी सांगितलं की ही मोजणी नाही. हा माझा छंद आहे. वाऱ्यानं वाहत आला, बॅटरी संपली, पडला.

“बॅटरी बी बराबर बांधावरच संपली,” थोरला म्हणाला.

धाकटा बसल्या जागेवरून माझ्याकडं बघत म्हणाला, “बाई, त्याला सांगा, बांधावर न्हाई पडलं. माझ्या वावरात पडलंय. त्यानं रेघ मशीन बघून मारली.”

“त्याला म्हणावं, तुझी रेघ कुठून गेली ते बघ आधी. माझी झाडं खाऊन गेली.”

दोघं चार हातांवर होते, आणि मी मधे उभी राहून निरोप ऐकत होते. बाप गेल्यापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला थोरल्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या देताना सांगितलं. ती म्हणाली, “काल सांजपासून दोघं टोपलं राखून राह्यलेत. हा घरला गेला की त्यो बसतो, त्यो गेला की ह्यो. सासरे आजारी व्हते तवा अशी पाळी लावली न्हाई.”

“वैनी, तुमी मधी बोलू नका,” धाकटा म्हणाला.

“मी बाईशी बोलून राह्यले. तुमची रेघ इथवर हाय का?”

मी टोपल्याला हात लावला तसे दोघं एकदम “अंहं!” म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं. मशीन हललं की पुरावा गेला, असं दोघांचंही म्हणणं.

मग थोरल्यानं मला बाजूला बोलावलं. “बाई, तुमचं सामान तुम्हाला मिळल. फक्त लिहून द्या की मशीन बांधावर उतरलं. बास.” मी परत आले तर धाकट्यानं दुसऱ्या बाजूला बोलावलं. त्याच्याकडं वहीचं पान आणि पेन तयारच होतं. “काई जास्ती लिहू नका. धाकट्याच्या वावरात पडलं, एवढंच.”

खरं सांगते, लिहून देणं सोपं होतं. एक ओळ, सही, आणि टोपलं उचलायचं. माझ्या सहीला कुणी विचारलं नसतं, कचेरीत तर बिलकुल नाही. पण ते दोघं त्या कागदावर उरलेली वर्षं भांडले असते. आणि बांध कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं उत्तर लिहायचं नाही, कोरं सोडायचं, एवढं तरी मी दहावीच्या वर्गाला शिकवते.

“मला बांध कळत नाही,” मी म्हणाले. “ज्यांना कळतो त्यांना घेऊन येते. तोवर टोपलं राखा.”

राखायचं सांगावं लागत नव्हतं.

दुपारी स्कूटीवर मागं आबांना बसवून आणलं. गुडघे दुखतात म्हणून ते हल्ली चौकापलीकडं जात नाहीत, पण टोपी घालून तयार झाले. शेतात उतरल्यावर त्यांनी चुन्याकडं पाहिलं नाही, टोपल्याकडंही पाहिलं नाही. विहिरीच्या कोपऱ्यावर एक हद्दीचा दगड उभा होता, तिकडं गेले. त्यावर हात ठेवला. मग थोरल्याला विचारलं, “पहार हाय का?”

“हाय ना मामा.” आबांच्या खांद्यावरचा पंचा बघून त्यानं मामा म्हटलं असावं. शिपायाला म्हणतात तसं.

“दुसऱ्या टोकाचा दगड कुणी काढला?”

दोघा भावांनी आकाशाकडं पाहिलं.

“बरं,” आबा म्हणाले, “दगड काढला असल. खालचं कुणी काढीत न्हाई.”

आणि आबा चालायला लागले. त्यांचं पाऊल मोजलेलं आहे. साहेबांची मोजणीची साखळी ओढून ओढून ते तसं झालंय, आजही चौकापर्यंत जाताना पावलं मोजत त्यांचे ओठ हलतात. कापसातून, एकाच चालीनं, लांबच्या बाभळीवर नजर ठेवून ते गेले. आम्ही चौघं मागून. एका जागी थांबले, पाव पाऊल मागं सरकले, आणि म्हणाले, “इथं.”

थोरल्यानं पहार घातली. एक हात खणलं, काळी माती. थोरला थांबला. आबा म्हणाले, “अजून.” दीड हातावर पहारीनं कट्ट केलं आणि काळ्या मातीतून लाल तुकडे वर आले. विटकरी. त्याखाली कोळसा.

“दगड रोवायच्या आधी आम्ही हे घालायचो,” आबा म्हणाले. “दगड उपटणारा वरचं उपटतो, खाली बघत न्हाई. हे बी मीच घातलं असल.” ‘असल’ म्हणाले. खात्री नसताना ते कधी जास्त बोलत नाहीत.

विहिरीच्या दगडापासून त्या खड्ड्यापर्यंत सुतळी ताणली. सुतळी दोन्ही रेघांच्या मधून गेली. थोरल्याची रेघ धाकट्याच्या वावरात दोन हात पुढं आली होती, धाकट्याची थोरल्याच्या वावरात एक हात. दोघंही चुकले होते, थोरला दुप्पट. टोपलं सुतळीच्या पलीकडं धाकट्याच्या बाजूला राहिलं, आणि कापसाची ती ओळही.

थोरला पहारीची माती काढत बसला. मग धाकटा, माझ्याकडं न बघता, सरळ भावाला म्हणाला, “ह्या वर्षीचा त्या ओळीचा कापूस वैनीला वेचू दे. पेरला तूच व्हता.”

थोरला म्हणाला, “बरं.” एवढंच. वैनीनं लगेच ओटी बांधली, कुणाचं मन बदलायच्या आत.

धाकट्यानं टोपलं उचललं, ड्रोनवरची माती फुंकली, आणि लेकीला आहेर द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. एक पातं तुटलं होतं. बाकी शाबूत.

आबा म्हणाले, “हे काई सरकारी न्हाई बरं का. अर्ज करा, मोजणी मागवा, दगड रोवून घ्या. सुतळी उद्या जनावर खाईल.”

थोरल्यानं कडुलिंबाखाली एकुलती एक खुर्ची मांडली, ती सकाळी माझ्यासाठी मांडली होती. “साहेब, बसा. चहा ठेवलाय.”

आबांनी मागं वळून पाहिलं, कोण साहेब आलेत ते.

मागं कुणी नव्हतं. मग ते बसले.

माझ्याकडं जादा पातं आणि भरलेली बॅटरी होती. पातं बसवलं आणि ढेकळांत उभं राहून ड्रोन वर सोडला. फोन मी आबांच्या हातात देऊ शकत नव्हते, तो मला लागतो. म्हणून ते खुर्चीतूनच वर बघत होते, हातात कप, आणि दुसऱ्या हातानं मला खूण करत होते. डावीकडं. मी डावीकडं घेतला. अजून. अजून घेतला. ऊन बरंच होतं. मधे ते चहा प्यायला लागले, हात हलवायचा विसरले, आणि मी ड्रोन तसाच धरून उभी राहिले.

संध्याकाळी ओसरीवर त्यांनी ते फोनवर पाहिलं. सुतळी वरून दिसत नाही. चुन्याच्या दोन रेघा दिसतात, मधे पांढऱ्या ओळीत वाकलेली एक बाई दिसते, आणि झाडाच्या सावलीबाहेर खुर्चीचे दोन पाय.

पुढं त्या भावांनी अर्ज केला. मोजणी झाली. दगड विटकरीच्या जागीच बसला. ड्रोन आमच्या घरी आहे, आणि तालुक्यातला एक बांध माझ्या बापानं स्वतः ठरवलेला आहे.