शिंगाच्या मुठीतला खिळा

मी ज्या दुकानात दाढी करून घेतो, तिथला न्हावी मध्यंतरी बोलता बोलता म्हणाला की त्याच्या आजोबांचा म्हातारपणी हात थरथरायला लागला आणि धंदा सुटला. घराण्यातच हे दुखणं आहे, असं त्याने वडिलांकडून ऐकलंय. म्हणून सकाळी दुकान उघडलं की आधी तो स्वतःची बोटं निरखतो. मी गालावर साबण घेऊन आरशातून त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्या आजोबांचा हात थरथरत नव्हता. हे मला पक्कं माहीत आहे, आणि सांगू शकेल असं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. भद्रकालीत माझ्या मामाचं दुकान होतं. कुलपं, अडकित्ते, कात्र्या, वस्तरे दुरुस्तीला येत. मी विशी ओलांडलेला, आणि मामाने नुकतीच वस्तऱ्यांची कामं माझ्यावर सोपवली होती. ते आजोबा गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीच्या घाटावर, बसत. लहान मुलांची जावळं काढत, ज्यांच्या घरी कुणी वारलं असेल त्यांची मुंडनं करत. त्यांचा वस्तरा विलायती, वडिलांच्या वेळचा. मूठ काळ्या शिंगाची, तिला आतून पितळी पत्र्याचं अस्तर. सांध्यात गंज बसून पातं जड उघडू लागलं, म्हणून त्यांनी तो आमच्याकडे आणला.

गंज काढायचा तर पात्याला मुठीत धरून ठेवणारा खिळा काढावा लागतो. त्याची दोन्ही टोकं ठोकून पसरवलेली असतात आणि त्यांच्याखाली एकेक बारीक चकती असते. मामाचा नियम असा की एका बाजूचं डोकं कानशीने घासत राहायचं, चकती आपली आपण सुटून पडेपर्यंत. तोवर हातोडीला हात लावायचा नाही.

मामा जेवायला गेला होता. चकती नुसती हलू लागली तेवढ्यावर मी खिळ्यावर पोलादी टोच्या ठेवला आणि हातोडी मारली. खिळा निघाला, पण डोक्याची उरलेली कड शिंगाला रेटत गेली. मूठ फुटली नाही, भोक मात्र लांबट झालं. फुटली असती तर कबूल तरी करावं लागलं असतं. मी लाखेत काजळी कालवून भोक भरलं, आणि वर मोठी चकती ठेवून नवा खिळा ठोकला. मामाने वस्तरा उघडून मिटून पाहिला. "चकती नथीसारखी मिरवतेय रे," एवढंच म्हणाला.

घाटावरच्या उन्हात लाख टिकली नाही. पातं सांध्यात डगमगू लागलं आणि मिटताना तिरपं होऊन धार पितळेला घासू लागली. आजोबा घरी धार लावत, चामड्यावर फिरवत, वस्तरा मिटून घाटावर नेत. उघडावा तर धारेला दाते पडलेले. डोळ्यांना न दिसणारे, पण कातडीला कळणारे. मग येवल्याच्या एका विणकराच्या नातवाचं जावळ काढताना टाळूजवळ चीर गेली. तुरटीने रक्त थांबेना. मूल वाचलं, पण त्यानंतर उपाध्ये आपले यजमान दुसऱ्या न्हाव्यांकडे पाठवू लागले.

आजोबा दुकानात आले तेव्हा मामा शेजारी कुलूप खोलत बसला होता.

"भाचेबुवा, मूठ जरा बघा," ते म्हणाले. "धार मी लावतो तशीच लावतो. मधेच जाते कुठं?"

मी वस्तरा उघडला. पितळेवर धारेने ओढलेली चकचकीत रेघ होती. मामाने मान वर केली. त्याने तो एकदा हातात घेतला असता तरी त्याला सगळं कळलं असतं. मी वस्तरा मिटला.

"मूठ चांगली आहे, काका. तुमचा हात थरथरतो आता."

त्यांनी वाद घातला नाही. वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि गेले. घाटावरची जागा लवकरच मुलाला दिली. वस्तरा पुन्हा आणतील तेव्हा गुपचूप नीट करून देऊ, असं मी मनाशी म्हणत होतो. त्यांनी तो पुन्हा आणला नाही.

तरीही ते रोज घाटावर येत. गुडघाभर पाण्यात उभं राहून भरलेला लोटा हात लांब करून धरत आणि त्यातल्या पाण्याकडे बघत राहत. पोरं टिंगल करत, "बाबा, आज तरी सांडणार का?" त्यावर तेही हसत. एकदा मी पुलाकडे निघालेला दिसलो तशी त्यांनी हाक मारली.

"भाचेबुवा, तुमची नजर बारीक. पाणी हलतंय का हो? मला तर नाय दिसत."

मी वाकून पाहिलं. लोटा काठोकाठ भरला होता. पाण्यावर झेंडूची एक पाकळी होती, ती जागची हलत नव्हती.

"जरासं हलतंय," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि लोटा नदीत उपडा केला.

उद्या माझा दाढीचा दिवस. त्याने साबण लावण्याआधी सांगायचं, असं ठरवलं आहे. मागच्या खेपेलाही ठरवलं होतं.