बंद खोलीतली ठकठक

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. वडिलांनी मला लिहा-वाचायला शिकवलं, आणि संशय घ्यायची खोडही त्यांचीच. कुणी असलं काही सांगू लागलं की मी आधी विचारायची, "तू स्वतः बघितलंस?" म्हणून हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय...

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या. माझे पती कासीम चांदीवर नक्षी करायचे. हात सुरेख, पण चित्त थाऱ्यावर नाही. बोळातून कुणी हाक मारली की उठलेच! म्हणून त्यांनी एका साहेबाच्या बंगल्यावरच्या लिलावातून गजराचं घड्याळ आणलं. गजर लावायचा, आतल्या खोलीला आतून कडी घालायची, आणि तो वाजेपर्यंत उठायचं नाही. पाणी नाही, बोलणं नाही.

तेव्हा एका सरदारांच्या घरची ऑर्डर होती. लेकीच्या लग्नासाठी चांदीचा पानाचा डबा. तो वेळेत झाला नसता तर गुजरीत आम्हाला पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर ते आत निघाले. मी तांब्या पुढे केला. पाणी प्यायले, म्हणाले, "गजर हुईस्तवर हाक मारू नगंस." कडी लागली. हातोडीची ठकठक सुरू झाली. मी दाराशीच तांदूळ निवडत बसले.

थोड्या वेळाने बाहेरचं दार वाजलं.

"जैनब, दार उघड की!"

उघडलं. समोर कासीम. अंगभर धूळ, हातात चांदीची पुरचुंडी.

"अवो... तुम्ही तर आत..."

"आत कुठलं? सकाळधरनं हुपरीला चांदी आणाया गेलतो. सांगून गेलतो की तुला!"

मला त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. मी नुसतं आतल्या दाराकडे बोट केलं. ठकठक चालूच होती.

त्यांनी दाराला कान लावला. शेजारचा बाळू पैलवान आमची गडबड ऐकून आला. त्यानेही कान लावला. "चोर हाय व्हय? कोण हाय रं आत?" ठोके थांबले नाहीत. तेवढ्यात गजर झाला... आणि सगळं शांत.

बाळूने खांद्याने दार पाडलं. आत कुणी नव्हतं. एकच खिडकी, तिचे गज जागच्या जागी. डब्याचं झाकण, ठोकताना हलू नये म्हणून लाखेवर बसवलेलं — पुरं झालेलं. सकाळी त्यावर अर्धीच वेल होती.

कासीमनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "नक्षी माझ्याच हाताची हाय," ते म्हणाले. "पन मी केली न्हाय."

डबा वेळेत पोचला. सरदारांकडून पुढेही काम येत राहिलं. घड्याळाला मात्र कासीमनी परत कधी किल्ली दिली नाही. पडलेलं दारही बसवू दिलं नाही.

बाळू म्हणायचा, वहिनी, कायतरी हातचलाखी असंल. असेलही. कुणाची, कशी, ते मला आजवर उमगलेलं नाही. आमचा संसार पुढे पुष्कळ वर्षं चालला, चांगला चालला. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. आत गेलेला तो माणूस माझ्याशी काय बोलला, हे कासीमनी स्वतःच्या मरणापर्यंत मला एकदाही विचारलं नाही; जणू ते त्यांना ठाऊकच होतं.