बाभळीच्या गेटला या

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण आता सत्तरी उलटली... खरं काय ते लिहून ठेवतो.

भोसरीला मी कामाला होतो त्या कारखान्यात, पत्रे दाबणाऱ्या प्रेसशॉपमध्ये, आमच्यातला दत्तू मशीनमध्ये दाबला गेला. अॅम्ब्युलन्सला दोन फोन झाले. फिटर रहीमभाईने शॉपमधून पूर्ण पत्ता सांगितला. दुसरा मी हजेरीच्या टाइम ऑफिसमधून केला, तिथे एकटाच होतो, फोनवर ओरडलो – "बाभळीच्या गेटला या, लवकर, माणूस दाबला गेलाय!" मागच्या गेटला आम्ही कामगारच तसं म्हणायचो. बाहेरच्याला काय कळणार? गाडी नंतरचा निरोप धरून ते गेट शोधत एमआयडीसीभर फिरली. दत्तू गेला.

साहेबांनी विचारलं, "पत्ता कुणी सांगितला?"

रहीमभाई म्हणाला, "मी." त्याची नोकरी गेली. मी गप्प राहिलो.

रिटायर झाल्यावर ताथवड्यात एका वेबसाइटच्या ऑफिसात काम मिळालं. लोक प्लंबर, डॉक्टर वगैरे शोधताना जे टाइप करतात, त्यातले जागा सांगणारे शब्द ओळखायचे आणि नकाशाला जोडायचे. जुनी नावं मला पाठ, म्हणून घेतलं.

एका दुपारी यादीत ओळ आली – "बाभळीच्या गेटला या लवकर माणूस दाबला गेलाय".

शेजारच्या स्नेहाने वाचली. "काका, हे गेट कुठं आलं ओ?"

"अगं, असं ठिकाणच नाही," म्हणालो आणि तशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशीही. स्नेहाने शोधलं, बाकी प्रत्येक ओळीला पाठवणाऱ्या फोनची नोंद होती, हिला नव्हती. इंजिनिअर म्हणाले, "बग असेल." चौथ्या दिवशी मी ते शब्द नकाशावर त्या जुन्या गेटच्या जागेला जोडले. तिथे आता गोडाऊन आहे, बाभूळ कधीच तोडली. ओळ पुन्हा आली नाही.

त्या रविवारी चाकणला रहीमभाईच्या गॅरेजवर गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच.

"या राव, साहेब झालात म्हणे कम्प्युटरवर!" त्याने चहा मागवला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, अजून डोक्यात येतं... मी पत्ता सांगायला नेमका कुठं चुकलो असेन?"

मी म्हणालो, "चहा छान आहे." आणि उठलो.

दोन महिन्यांनी तो गेला.

ती ओळ कुणी पाठवली, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी गॅरेजवर बसून म्हणायचं होतं ते एवढंच – रहीमभाई, तू चुकला नव्हतास. दुसरा फोन माझा होता. मला माफ कर.