आमचा कप्तान बुडता बुडेना

आमचा कप्तान अर्धा मेला होता आणि तलावातलं पाणी उतरून गेलं होतं.

मी बांधावर उभी होते. समोर आमचं अंतराळयान चिखलात एका कुशीवर लवंडलेलं. टोकावर बगळे बसलेले. एक म्हैस त्याला अंग घासत होती, आणि घासता घासता तिने माझा चंदेरी रंग बराचसा अंगावर घेतला होता. शेजारी केदार, आमचा डायरेक्टर, कमरेवर हात ठेवून उभा.

"संध्या, पाणी कुठाय?"

"खाली. धानात."

"धानात म्हणजे?"

"म्हणजे भाताच्या शेतात, केदार. तलाव त्याच्यासाठीच असतो."

मी आर्ट डायरेक्टर. पडद्यावर माणसं सोडून जे जे दिसतं ते माझ्या खात्याचं. यान, त्यातली बटणं, परग्रहावरचे दगड, सगळं. आमची मालिका तेव्हा आठव्या वर्षात होती. टीव्हीवर सासू-सून कितीही वर्षं टिकतात, अंतराळ टिकत नाही. आमचं टिकलं ते कप्तानामुळे. कप्तानाचं काम करणाऱ्या नटाला आम्ही सगळे काका म्हणायचो. काका सत्तरीला आले होते आणि गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हणून त्यांनी मालिका सोडायची ठरवली, आणि लेखकाने कप्तानाला मारायचं ठरवलं. यान परग्रहावरच्या सरोवरात कोसळतं, पाणी हळूहळू चढतं, कप्तान खिडकीशी बसून शेवटचं बोलतो आणि यानासकट बुडतो.

हे मुंबईच्या स्टुडिओत सहज झालं असतं. तिथे मागे हिरवं कापड लावतात, नट त्याच्यासमोर उभा राहतो आणि कापडाच्या जागी नंतर कम्प्युटरवर समुद्र, डोंगर, वाटेल ते भरतात. याला म्हणतात ग्रीन स्क्रीन. पण काका माझ्याकडे येऊन म्हणाले, "संध्या, आठ वर्षं मी हिरव्या कापडाकडे बघून घाबरलोय. मरताना तरी समोर खरं पाणी असू दे गं."

मी शब्द दिला. मी मूळची ब्रह्मपुरीची. आमच्याकडे तलावांना काय तोटा? जंगलाच्या कडेचा, मागे एकही विजेचा खांब नसलेला तलाव मी शोधून दिला. ग्रामपंचायतीची परवानगी झाली, तलावात मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींची झाली. युनिट आलं. कप्तान यानात शिरतो, पाणी खिडकीच्या खाली येऊन लागतं, इथवरचं शूटिंग झकास झालं. तेवढ्यात काकांना ताप भरला. युनिट ब्रह्मपुरीच्या लॉजवर आराम करत बसलं. परत येऊन बघतो तो ही म्हैस.

आता आमच्या धंद्यात कंटिन्युइटी नावाची एक पीडा असते. काल जे दिसलं ते आजही तसंच दिसलं पाहिजे. काल पाणी खिडकीखाली आणि आज यान कोरड्यावर, असं दाखवलं तर प्रेक्षक शिव्या घालतात. आणि आमच्या सायन्स फिक्शनच्या प्रेक्षकांना शिव्या लिहून पाठवायचीही सवय आहे.

केदार म्हणाला, "पाणी बंद करायला सांग. तुझं गाव आहे ना?"

माझं गाव नव्हतं ते, पण मुंबईच्या माणसाला ब्रह्मपुरीच्या आसपासचं सगळं एकच. मी त्याला घेऊन देवाजीभाऊंकडे गेले. तलावाखालच्या धानवाल्यांमध्ये त्यांचा शब्द चाले. त्यांचं स्वतःचं शेत मात्र सगळ्यात शेवटी, कालव्याच्या टोकाला. ते तुडमापाशीच बसले होते. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी. लाकडी दट्ट्या काढला की पाणी सुटतं, बसवला की थांबतं.

"भाऊ, थोडे दिवस पाणी थांबवा ना. तलावाची परवानगी तर आम्ही घेतली होती," मी म्हटलं.

"तलावाची घेतली न. पान्याची कुठी घेतली?" देवाजीभाऊ शांतपणे म्हणाले. "हस्त कोरडा गेला या साली. धान निसवून राह्यलं. आता पानी नाई देल्लं त लोंब पोचट जाते, बाई. तुमाले माहीत नाई काय?"

मला माहीत होतं. लोंबीत दाणा भरायच्या वेळी पाणी तोडणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होतं. केदार काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, मी त्याचा दंड धरला.

देवाजीभाऊ पुढे म्हणाले, "आन मी म्हनलं तरी होत नाई. इथी पाळी असते. आज रामटेक्याची पाळी, उद्या दुसऱ्याची. ज्याची पाळी त्याचाच हात दट्ट्याले लागन. दुसऱ्यानं हात लावाचा नाई."

केदार परत येताना चिडून म्हणाला, "उद्या पॅकअप. मुंबईत ग्रीन स्क्रीनवर करू. इथलं सगळं फेकून द्यायचं."

काका जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि नुसतं "बरं" म्हणाले. भांडले असते तर परवडलं असतं.

मला राग आला की मी यानाची डागडुजी करत बसते. म्हशीने घासून नेलेला रंग पुन्हा लावत होते. रंगवताना पाहिलं, यानावर पाणी उतरल्याच्या रेघा उमटल्या होत्या. एकाखाली एक, सुबक. बघता बघता मी ब्रश टाकला आणि केदारला हाक मारली.

"पाणी चढताना दाखवायचंय ना तुला? उतरताना शूट कर आणि उलटं चालव!"

केदारला कळायला वेळ लागला नाही, माणूस हुशार आहे. यान ढकलून तुडमाजवळच्या खोल पाण्यात न्यायचं, खिडकी पूर्ण बुडेल इतकं. समोर कॅमेरा पक्का रोवायचा आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहायचं. याला म्हणतात टाइमलॅप्स. रोज वीतभर पाणी उतरणार. ती फिल्म उलटी चालवली की पाणी चढत जाऊन यान गिळणार. मधे रात्रदिवस झपाझप बदलताना दिसतील, त्याची चिंता नव्हती. परग्रहावरचा दिवस किती लांब असावा हे आमच्याच हातात. लेखकाने फोनवर एका मिनिटात तिथला दिवस छोटा करून दिला. आणि उतरता उतरता पाणी खिडकीच्या निम्म्यावर आलं की काकांना आत बसवून त्यांचं शेवटचं बोलणं घ्यायचं. म्हणजे आधी बुडायचं, मग मरायचं. काका हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ढिवरांनी यानात वजनाला ठेवलेली वाळूची पोती काढली, डोंगे म्हणजे त्यांच्या होड्या लावल्या, दोर बांधले, ओरडत-हसत यान ओढत नेलं आणि तिथे पोती पुन्हा भरून ते बुडवलं. त्यांच्यातली एक बाई मला म्हणाली, "काय वो ताई, हे आकाशात उडते म्हन्ता, आन पान्यात त सरकत नाई!" मी म्हटलं, "बाप्पा, आमचं सगळं असंच असतं."

पाणी उतरू लागलं. आम्ही खूश. काका रोज संध्याकाळी काठी टेकत बांधावर फिरायला जायचे, गावातल्या मंडळींबरोबर चहा प्यायचे. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती, पण हिशोब जुळत होता. पाणी निम्म्यावर यायला जेमतेम वीतभर राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांचं बोलणं घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला सोडायचं, असं ठरलं.

शूटिंगच्या सकाळी मी पाणी बघायला गेले. पाणी जागचं हललं नव्हतं. रात्री होतं तिथेच. तुडमाशी धावले. दट्ट्या ठोकून बसवलेला. कालवा कोरडा.

"कोणी बंद केलं?" मी किंचाळलेच.

बांधावर गुरं घेऊन निघालेला एक जण म्हणाला, "काल सांजेपासून देवाजीभाऊची पाळी हाये. त्यायनंच केलं."

"ते कुठी आहेत?" मी पण त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"ब्रह्मपुरीले बाजारात गेले. येतीन दुपारच्या जीपनं."

केदार म्हणाला, "काढ ना तो दट्ट्या! एवढंसं लाकूड आहे." हात लावायला तो वाकलासुद्धा. मी त्याला मागे ओढलं. पाळी देवाजीभाऊंची, हात दुसऱ्याचा लागणार नाही. त्यांच्या तलावात आम्ही पाहुणे होतो. आम्ही तिथे बसून राहिलो. कॅमेरा न हलणाऱ्या पाण्याच्या फ्रेमवर फ्रेम घेत होता. काका कप्तानाचा कोट घालून, मेकअप करून खुर्चीत तयार. त्यांनी एकदाच विचारलं, "आज होईल ना गं?" मी होईल म्हटलं आणि तोंड फिरवलं.

शेअर जीप आली तेव्हा मी रस्त्यावरच उभी होते. देवाजीभाऊ पिशवी घेऊन उतरले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"थांबवलं न पानी! पाह्यलं का?"

"भाऊ, काऊन थांबवलं?"

"काऊन म्हन्जे? तुमीच त आल्ते सांगाले. त्या दिशी माही पाळी नव्हती. काल लागली माही, मंग केलं बंद." ते आवाज खाली आणून म्हणाले, "ते काका रोज बसतेत आमच्याजवळ. म्हने, पान्यात मराची लय इच्छा होती. आता मानूस एवढं म्हनते त..."

"आणि तुमचं धान?"

"एखादी बांधी, वावराचा एक तुकडा, पोचट जाईन. एका पाळीनं का होते."

"अहो भाऊ, तो खोटाखोटा मरणार आहे!"

"खोटा का असेना. आठ सालापासून पाह्यतो त्याले घरी," देवाजीभाऊ म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. उलटी फिल्म, उतरणारं पाणी, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि असे भडकले की विचारू नका. "म्हन्जे तुमाले पानी उतराले पायजे होतं? आन मी रातभर धान उपाशी ठेवलं? आधी सांगाले तोंड नव्हतं काय, बाई?"

नव्हतंच सांगितलं. पाणी तसंही सुटणारच होतं, त्यात सांगायचं काय, असं आम्हाला वाटलं होतं. देवाजीभाऊ तसेच तणतणत बांधावर गेले, धोतर खोचलं, पाण्यात उतरले आणि स्वतःच्या हाताने दट्ट्या उपसला. पाणी खळखळून कालव्यात पडलं. एवढ्यावरच थांबले नाहीत. तुडमाची वरची आणि खालची, दोन्ही भोकं मोकळी केली. शेजारपाजारचे धानवाले जमले होते. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून आपली पाळी मागे सरकवली आणि देवाजीभाऊंना आणखी एक पाळी दिली. त्यांचं धान पुढे चांगलं भरलं, हे मी मुद्दाम विचारून घेतलं आहे.

उन्हं कलता कलता पाणी खिडकीच्या निम्म्यावर आलं. ढिवरांनी काकांना डोंग्यातून नेऊन अलगद यानात बसवलं. छातीपर्यंत पाणी. बांधावर अख्खं गाव जमलेलं. काकांनी एका टेकमध्ये संपवलं. केदारने "कट" म्हटलं. मग बांधावरून देवाजीभाऊंचा आवाज आला, "आता काढा त्यायले बाहेर, गार झालं पानी!" काका काचेमागे खदखदून हसले. बाहेर आल्यावर टॉवेलात गुंडाळलेले असताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "खरं होतं गं पाणी." माझं काम झालं.

एपिसोड लागला. उलट्या फिल्मवर पाणी चढतं, खिडकी अर्धी भरते, कप्तान बोलतो. मग पाणी पुन्हा चढू लागतं आणि वीतभर वर जाऊन अचानक थांबतं. अख्खा ग्रह श्वास धरून उभा आहे असं वाटतं. मग एकदम खिडकी गिळून टाकतं. एडिटरने ती थांबलेली जागा कापली नाही. चॅनेलवाल्यांचे फोन, प्रेक्षकांची पत्रं, सगळीकडे त्या थांबण्याचंच कौतुक. केदार एका मुलाखतीत म्हणाला की मृत्यूलाही क्षणभर संकोच वाटावा अशी त्याची कल्पना होती. मी टीव्ही बंद केला.

त्याच रात्री देवाजीभाऊंचा फोन आला. मागे बायामाणसांचा गलका.

"दिसलं वो बाई! पानी थांबलं ते दिसलं! सारे गावचे म्हनून राह्यले, पाह्य देवाजी, तुही पाळी!"

तेव्हापासून मी बाहेर शूटिंगला गेले की लोकांना काय हवं ते सांगते, आणि का हवं तेही सांगते. अर्धवट सांगितलं की उरलेलं लोक आपल्या पदरचं घालून पुरं करतात.