आबांच्या कपाळावरच्या सुया

स्पिरिटचा वास आला की माझा अजून तिळपापड होतो. सत्तरच्या दशकातले ते भाद्रपद-आश्विन. सांगलीच्या हळदपेठेमागच्या गल्लीत दुपारच्या उन्हात पिवळी धूळ तरंगत असायची, आणि त्या उष्ण, उग्र दरवळात डॉक्टरांच्या खोलीतला तो थंडगार वास मिसळे. त्या खोलीत लाकडी खुर्चीवर आबा बसलेले असत, ताठ, जणू फोटो काढून घ्यायला बसावे तसे.

आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. रहिमतपूरजवळच्या आमच्या मळ्यात त्यांनीच लावलेला ऊस त्यांना परका वाटू लागला, जेवून हात धुतल्यावर ते पुन्हा पानावर येऊन बसू लागले, आणि आई जाऊन सहा वर्षे झालेली असताना तिन्हीसांजेला तिला हाका मारू लागले. या आजाराला अल्झायमर म्हणतात, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तेव्हा गावात एकच शब्द होता, म्हातारचळ. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत पारावरची माणसे फिदीफिदी हसत, आणि आबांनी ज्यांना हाताला धरून भरतीला नेले होते तेही त्यांत असत. त्यांची जीभ झडो, असे मी तेव्हा मनात म्हटले होते. आजही शब्द मागे घेत नाही.

म्हणून दादाने, माझ्या थोरल्या भावाने, सांगलीतले सुयांचे डॉक्टर शोधून काढले. चिनी पद्धतीच्या, केसासारख्या बारीक सुया ते कपाळावर, मनगटावर, पावलावर टोचत. अॅक्युपंक्चर हा शब्द दादाच्या जिभेवर कधी बसला नाही, पण श्रद्धा मात्र बसली. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सांधेदुखीला याने आराम पडतो, ते मी पाहिलंय. विसरण्याला पडेल का, मला ठाऊक नाही. सहा वेळा बघू. फरक नसेल तर म्हाताऱ्या माणसाला उगाच टोचत बसणार नाही." किती सरळ बोलला बिचारा! पण आशा लागलेली माणसे अर्धेच वाक्य ऐकतात, आणि तेही आपल्या सोयीचे.

दर गुरुवारी दादा आबांना आगगाडीने आणी. मी सांगलीतच शिक्षिका होते, शाळेतून परस्पर दवाखान्यात जाई. सुई टोचल्यावर झिणझिण्या आल्या तर सांगा, असे डॉक्टर परोपरीने विनवत, कारण सुई नेमक्या जागी बसली की नाही ते त्यावरूनच कळायचे. पण उभी हयात परेडच्या मैदानावर काढलेला माणूस तोंडातून हूं की चूं काढील? "ठीक है, साहब," एवढेच. मग डॉक्टर सुई आणखी फिरवत.

आणि पाचव्या गुरुवारी चमत्कार झाला. "या कोण?" असे डॉक्टरांनी विचारताच आबा म्हणाले, "सुमन. माझी पोरगी. सांगलीला मास्तरीण हाय." गाव, महिना, नातवंडे, सगळे खडाखडा. मला आभाळ ठेंगणे झाले. डॉक्टरांनी वहीत 'सुधारणा' असे लिहिले, आणखी सहा बैठका ठरवल्या, आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले. फलाटावरच्या बाकावर दोघे पाठमोरे बसले होते. "सांगलीत भेटती ती कोण?" दादा विचारत होता. आबा रुळांकडे बघत होते. "म्हणा, सुमन, माझी पोरगी." आबांनी म्हटले. "म्हैना कंचा?" पुन्हा तेच. गाडीत बसल्यापासून ही कवायत चालली होती. सुभेदाराला पढवलेला हुकूम तासभर धरून ठेवता येत होता, एवढाच तो चमत्कार.

मी दादावर तिथेच तुटून पडले. लाज वाटत नाही का, बापाचा पोपट करायला? तो खाली मान घालून म्हणाला, "फरक न्हाई म्हटलं तर डॉक्टर सुया बंद करतील गं. मग आपल्या हातात ऱ्हायलं काय?" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि मग माझ्याही, कारण डॉक्टरांसमोर उभी राहिल्यावर माझीही वाचा बसली. त्या दिवशीही सुया टोचल्या गेल्या.

डॉक्टर हात धुवायला आत गेले, दादा टांगा पाहायला बाहेर. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि हळू, अदबीच्या आवाजात विचारले, "बाईसाहेब, ही सजा कशाची?"

मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले.

"काय केलं ते आठवत न्हाई. पर केलं आसंल. मी कबूल करतो. सायबाला तेवढं सांगा."

सहा गुरुवार! आम्ही उपचार उपचार म्हणत होतो, आणि हा माणूस गुन्हाही न विचारता शिक्षा भोगत होता. मी डॉक्टरांना ओरडून बोलावले, होते नव्हते ते सांगून टाकले. त्यांचा चेहरा उतरला; एकेक सुई त्यांनी काढली, वहीत लिहिलेले खोडले. मी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, सजा संपली. चला घरी."

ते उठले, टाचा जुळवल्या, आणि मला, पोटच्या पोरीला, कडक सलाम ठोकला. मी मान हलवून तो घेतला. दादा त्यांना दंडाला धरून पायऱ्या उतरवू लागला तेव्हा माझ्या ध्यानात आले, की त्यांनी काहीच केले नव्हते, हे मात्र मी त्यांना सांगितलेच नाही.