आशीर्वादात उपटलेले केस

शेजारचे फुलवाले काका कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पहिला घोट तोंडात घोळवायचे आणि मगच बोलायचे. मी घरातला पहिला पदवीधर. अमरावतीत मला 'साहेब' म्हणणारे तेच पहिले. पाण्यातले क्षार केसांत उतरतात, त्यावरून माणूस कुठे राहतो याचा अंदाज येतो, हे माझं प्रयोगशाळेतलं काम मी त्यांना एकदा सांगितलं होतं.

पुढे त्यांच्या मुलीला तेल्हाऱ्याकडचं स्थळ आलं. तिकडच्या विहिरी खाऱ्या. मुलगा अकोल्यात राहतो, असं मध्यस्थ म्हणाला. पण त्या वर्षांत शेतकऱ्याला कोणी मुलगी देईना, त्यामुळे मध्यस्थांच्या तोंडी सगळेच मुलगे शहरात राहायचे. बैठकीला काकांनी मलाही बसवलं.

मुलगा पाया पडला. काकांनी डोक्यावर हात ठेवला आणि मुलगा ओरडला.

"तपासा साहेब," मुठीतले केस दाखवत काका म्हणाले.

"एवढ्यानं होत नाही काका, झुपका लागतो," मी ओशाळून म्हणालो.

"मामाजी, उपटता कायले?" मुलगा डोकं चोळत म्हणाला. "मी गावातच रायतो. प्याचं गोडं पानी सायकलवर आनतो."

खरं बोलला, म्हणून काकांनी केस फुंकून टाकले आणि लग्न ठरवलं.

पहिल्या दिवाळीला मुलगी माहेरी आली, तसे काका तिच्या वेणीच्या टोकाचा झुपका कापून घेऊन आले.

"आता तं पुरते ना? पाहा, जावई कोनतं पानी पाजून रायला."

"काका, टोकाचे केस जुने असतात. यात अजून तुमच्याच घरचं पाणी आहे."

काकांनी झुपका परत घेतला.

"मंग राहू द्या," ते म्हणाले आणि तो वरच्या खिशात ठेवून निघून गेले.